कोयता : एक अवजार, दोन माणसे

मराठीत अरबी-फारसी शब्द किती आणि कोणते, हा आम्हा मराठी मुसलमानांच्या आवडीचा विषय आहे. चार लिहिणारे एकत्र जमले की तो निघतोच. मग माधव जूलियन यांच्या १९२५च्या फारसी-मराठी कोशाचा उल्लेख होतो, डॉ. यू. म. पठाण यांच्या 'फार्सी-मराठी अनुबंधा'चे नाव घेतले जाते, शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशावर वाद रंगतो. हे सारे योग्यच आहे. परंतु या चर्चेत आम्ही बहुधा दरबारातून आणि कचेरीतून फिरून परत येतो. वकील, दप्तर, फौज, किल्लेदार, फर्मान. शेतात, बांधावर, सुताराच्या नि लोहाराच्या हातात कोणते शब्द आहेत, याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही.

म्हणून या लेखात आम्ही एकच शब्द घेतला आहे आणि तोही हातातल्या अवजाराचा. शब्द आहे 'कोयता'. प्रदेश आहे पुणे जिल्ह्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला की पाडव्यापर्यंत या भागात हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानांवर पडतो. त्यातल्या कितीतरी वेळा त्याचा अर्थ लोखंडाचे अवजार असा नसतो. तो अर्थ कोणता, तो कसा आला आणि त्याची किंमत कोण मोजते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम अवजारांच्या नावांविषयी थोडेसे. ज्याला आपण एका शब्दात 'अवजार' म्हणतो तो शब्दच मुळी अरबी. 'विज़्र' म्हणजे ओझे, 'औज़ार' हे त्याचे अनेकवचन. कुराणात लढाई थांबण्याच्या संदर्भात, युद्ध आपली ओझी खाली ठेवते अशा अर्थाने हा शब्द येतो आणि तिथे त्याचा रोख शस्त्रांकडे आहे. फारसीतून तो आपल्याकडे आला तेव्हा हत्यारे मागे पडली आणि कारागिराची साधने पुढे आली. राज्याचा भार वाहणारा तो वजीर, ही 'वजीर' शब्दाची पारंपरिक फोडही याच धातूवरून करतात.

आता अवजारांची एकेक नावे घ्या. कुऱ्हाड, कुदळ, खुरपे ही संस्कृतातल्या कुठार, कुद्दाल, क्षुरप्र या शब्दांची लेकरे. सुताराचा रंदा फारसी. शिंप्याची कैची तुर्की. गवंड्याच्या हाताखालच्या बाईच्या डोक्यावरचे घमेले पोर्तुगीज 'गामेला'वरून आलेले. एका बांधकामावर किंवा एका शेतात ही सगळी नावे एकत्र नांदतात आणि कोणी कोणाला परके म्हणत नाही. शब्दांची शुद्धी करू पाहणाऱ्यांनी एकदा ही नावे वगळून घर बांधून दाखवावे.

या यादीत कोयता कुठे बसतो? संस्कृतात त्याचे मूळ शोधणारे थकतात, अरबी-फारसीत तर ते नाहीच. त्याचे घर दक्षिणेकडे आहे. तमिळ आणि कन्नड भाषांत 'कोय्' म्हणजे कापणे, खुडणे, पीक काढणे. कन्नडमध्ये 'कोय्लु' म्हणजे सुगीची कापणी. मल्याळीत 'कोय्त्तु' म्हणजे भाताची कापणी. तेलुगूत 'कोयु' म्हणजे कापणे आणि 'कोत' म्हणजे कापणी. कोकणीत 'कोयतो' आहे आणि आमच्या कोकणातली माणसे शहाळे सोलायला, कवळ तोडायला कोयताच हाती घेतात. म्हणजे या शब्दाचे नाते थेट कापणीशी, सुगीशी, पिकलेल्या शेताशी आहे.

मराठीच्या बांधणीत द्राविडी भाषांचा वाटा मोठा आहे, हे विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र' या पुस्तकातून आग्रहाने मांडले. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती सर्वांनी मानली असे नाही. पण कोयत्यासारख्या शब्दाबाबत फारशी शंका राहत नाही. भूगोलही तेच सांगतो. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे सोलापूरवरून कर्नाटकात जाते. नदीच्या काठाने माणसे, बैल, बियाणे आणि शब्द वर-खाली ये-जा करत आले. राजवटींच्या सीमा बदलत राहिल्या, नदीने आपला रस्ता सोडला नाही.

याच भागावर निजामशाही आणि आदिलशाहीचा अंमल होता. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे आणि इंदापूर होते. आदिलशाहीत पहिल्या इब्राहिमने सोळाव्या शतकात महसुलाचे दप्तर फारसीऐवजी इथल्या लोकांच्या भाषेत आणले, असे इतिहासकार सांगतात. पण भाषा देशी झाली तरी कारभाराचे शब्द राहिले. कसबा, परगणा, तालुका, जमीन, इनाम, वसूल, हिशेब. पुढे अठराव्या शतकात मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीत बसून संस्कृतप्रचुर आर्या रचल्या. वाड्यातली मराठी तशी होती, रानातली मराठी वेगळी होती. रानातल्या मराठीत हाताचे शब्द एका घरचे, कापणीचे दुसऱ्या घरचे आणि हिशेबाचे तिसऱ्या घरचे होते. कोयत्याची पुढची हकिगत समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

दीडशे वर्षांपूर्वी बारामती-इंदापूरचे नाव उसासाठी घेतले जात नव्हते, ते दुष्काळासाठी घेतले जाई. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा टापू. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम द्यायचे म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई हाती घेण्यात आली. भोरजवळच्या भाटघर धरणाच्या आधारावर तो कालवा उभा राहिला आणि १८८५च्या सुमारास त्याचे पाणी या रानात खेळू लागले. ज्यांनी उपासमारीत माती वाहिली त्यांच्या नातवंडांनी तिथे ऊस पाहिला. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्यामागे इकडे आले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, उसाची बागायत वाढवली.

त्या काळी उसाचा गूळ होत असे. गुऱ्हाळ, काहील, गुळवे आणि बैलांनी फिरवायचा चरक. हा चरक शब्द फारसी 'चर्ख' म्हणजे चाकावरून आला. दिवसभरात चरकात जेवढा ऊस पिळला जाईल तेवढाच तोडायचा, असा हिशेब होता. घरची माणसे आणि गावातले मजूर पुरत. कोयता घरातल्या आढ्याला खोचलेला असे आणि त्याचा अर्थ फक्त कोयता एवढाच होता. १८५७ साली मोल्सवर्थच्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हाही तो एक अवजारच होता.

१९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि चित्र पालटले. त्याच वर्षी शेजारच्या माळशिरस तालुक्यात सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना झाली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली प्रवरेला सहकारी कारखाना सुरू झाला आणि ती वाट पुढे इथेही आली. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती. १९८०नंतर उजनीचे पाणी आले आणि इंदापुरात उसाचे क्षेत्र आणखी वाढले.

कारखान्याचे पोट गुऱ्हाळासारखे नसते. गव्हाणीत ऊस सतत पडत राहिला पाहिजे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही कमी होते. तोड जमिनीलगत झाली पाहिजे, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते. उंच बुडखा राहिला तर खोडवाही नीट फुटत नाही. शेंड्याकडचे वाढे मात्र कापून टाकायचे, त्यात साखर नसते, ते बैलांना जाते. म्हणजे हजारो माणसांनी दररोज वाकून, एकाच मापाने, वेळेत कोयता चालवला तरच कारखान्याचे धुराडे पेटते. एवढी माणसे बागायती गावांत मिळेनात. ती आली बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा अशा कोरडवाहू मुलखातून. १९७२च्या दुष्काळानंतर तर हा ओघ फार वाढला. त्यात वंजारी आहेत, मराठा आहेत, दलित आहेत, बंजारा आहेत आणि मुसलमान कुटुंबेही आहेत.

इथे आमच्या शब्दाने कूस बदलली. टोळी भरणारा मुकादम विचारू लागला, "किती कोयते आणलेस?" उत्तर यायचे, "दहा कोयते." हे दहा कोयते म्हणजे दहा अवजारे नव्हेत. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दहा कोयते म्हणजे वीस माणसे. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये टाकते. बहुतेक बाया स्वतः कोयताही चालवतात. दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस या जोडीच्या हातून निघतो. उचल ठरते ती कोयत्यावर आणि टनाचा हिशेब होतो तोही कोयत्याच्या नावे.

आणि जो एकटा आहे तो? त्याला म्हणतात 'अर्धा कोयता'. विधवा असेल तर अर्धा कोयता, परित्यक्ता असेल तर अर्धा कोयता, लग्न न झालेला तरुण असेल तर तोही अर्धाच. मराठी भाषेत माणसाला अर्धे म्हणणारे आणखी शब्द असतील, पण पोटापाण्याच्या व्यवहारात रोज वापरला जाणारा असा दुसरा शब्द आमच्या माहितीत नाही.

शब्दाने एवढे केले की त्याच्यामागून रीत येते. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी, म्हणून मुलगा कोवळ्या वयात बोहल्यावर चढवला जातो. हंगामाच्या तोंडावर उरकलेल्या अशा लग्नांना बीडकडे 'गेटकेन लग्न' असे नाव पडले. कारखान्याच्या हद्दीबाहेरून थेट फाटकावर येणाऱ्या उसाचे हे नाव लग्नाला लागावे, यावरून त्यातला भाव कळतो. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे 'खाडा' आणि खाड्याचा दंड दोघांच्या कमाईतून जातो. मग बाईची पाळी, बाळंतपण, आजारपण हे सारे खाड्याच्या भीतीत बसवले जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांची माहिती घेतली गेली, त्यातल्या १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक आहेत. पण ज्या व्यवहारात बाईचे वेगळे नावच नाही, त्या व्यवहारात तिच्या शरीराची विचारपूस कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

आता या कोयत्याभोवतीचे शब्द पाहू, कारण ते आमच्या घरचे आहेत. टोळीचा मुकादम म्हणजे अरबी 'मुकद्दम', पुढे केलेला, अग्रभागी असलेला. निजामशाही-आदिलशाहीच्या मराठी कागदांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. गावाच्या वतीने सरकारपुढे उभा राहणारा माणूस. तोच शब्द आज कारखाना आणि मजूर यांच्या मध्ये उभा आहे, फक्त कोणाच्या वतीने हे नीट सांगता येत नाही. करार अरबी, जामीन अरबी, वसूल अरबी, हिशेब अरबी. हंगाम आणि कारखाना फारसी. हिशेबाचा दिवस म्हटले की आमच्या वाचकांच्या मनात काय येते ते वेगळे सांगायला नको. टोळीतही हंगामाच्या शेवटी हिशेबाचा दिवस असतो आणि त्या दिवशी बहुतेक कोयत्यांच्या नावावर काही ना काही 'फिरते', म्हणजे देणे राहिलेले असते. ते पुढच्या हंगामावर जाते.

कर्ज या शब्दाचे मूळ तर विशेष आहे. अरबीत 'करज' या धातूचा अर्थच कापणे. कात्रीला तिथे 'मिक्राज' म्हणतात. आपल्या मालातून कापून दुसऱ्याला दिलेला तुकडा तो कर्ज. म्हणूनच 'कर्जे हसना' म्हणजे व्याजाविना, गरजवंताला उभे करण्यासाठी दिलेले कर्ज, ही कल्पना आमच्या घराघरात ठाऊक आहे. दक्षिणेचा 'कोय्' म्हणजे कापणे आणि अरबस्तानातला 'करज' म्हणजेही कापणे. हजारो कोसांवरचे हे दोन शब्द बारामतीच्या उसाच्या फडात एकमेकांसमोर येतात. एक हात ऊस कापतो आणि दुसरा त्या हाताची मजुरी आधीच कापून ठेवतो.

'उचल' मात्र अस्सल मराठी. उचलून घेतलेली रक्कम. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याहूनही अधिक उचल एका कोयत्याला दिली जाते. ती पैशाने फेडायची नसते, घामाने फेडायची असते. फारसीत 'मुज़्द' म्हणजे मोबदला आणि मोबदला मिळवणारा तो 'मुज़्दूर', म्हणजे आपला मजूर. त्याच्या उलट 'बिगार', म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले काम. आपल्याकडे संस्कृत 'विष्टी'वरून आलेली वेठ होतीच, तिला फारसी बिगार चिकटली आणि 'वेठबिगार' हा जोडशब्द तयार झाला. दोन भाषांनी एकाच अन्यायाला दोनदा नाव दिले. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पण जो मजूर कामाच्या आधीच आपली मजुरी खाऊन बसलेला आहे आणि तिच्यापायी मुकादमाला सोडून जाऊ शकत नाही, तो मजूर की बिगार, हे कोशात पाहून ठरणार नाही.

या मातीला कर्जाच्या कागदाचा अनुभव नवा नाही. शाह मन्सूर यांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाणारे सुपे गाव बारामती तालुक्यातलेच. त्याच सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि पुढे ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. तेव्हाच्या शेतकऱ्यांचे कर्ज निदान कागदावर होते, जाळायला हाती काहीतरी होते. कोयत्याची उचल बहुधा तोंडी किंवा मुकादमाच्या वहीत असते आणि त्या वहीत बाईचे नाव नसते.

या कहाणीत आमच्या समाजाचा आणखी एक शब्द आहे, तो विसरून चालणार नाही. अवजारांना धार लावणारा शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे घासून लखलखीत करणे, त्याला फारसी 'गर' लागून झाला 'सैकलगर' आणि मराठीत शिकलगार. पूर्वी आरसे धातूचे असत आणि ते घासून चमकवावे लागत. म्हणून सुफी मंडळी हृदयाच्या आरशाला सैकल करण्याची भाषा बोलत. ती विद्या पोटासाठी गावोगाव घेऊन फिरणारे शिकलगार तलवारींचा काळ सरल्यावर विळे, कात्र्या, कोयते साणेवर धरू लागले. आता मजूर स्वतःच कानस बाळगतो. अवजाराला धार लावणारे पुष्कळ झाले. शब्दावर चढलेली गंज घासणारे मात्र थोडे.

अलीकडच्या काळात कोयत्याला आणखी अर्थ चिकटले. मजुरांनी दरवाढीसाठी संप केला की 'कोयता बंद' ही हाक दिली जाते. इथे मात्र शब्द माणसाच्या बाजूने उभा राहतो. जानेवारी २०२४मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादासमोर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तिच्यामागे याच हाकेचा धाक होता. दुसरीकडे पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. २०२३च्या सुमारास पोलिसांनी दुकानदारांना कोयता विकत घेणाऱ्याच्या ओळखीची नोंद ठेवायला सांगितले. शहरात कोयता घेणाऱ्याचे नाव विचारले जाते आणि उसाच्या फडात जन्मभर कोयता चालवणारीचे नाव विचारले जात नाही, ही विसंगती आमच्या डोळ्यांत भरते.

बदल होतच नाहीत असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले, मजुरांना ओळखपत्र देण्याचे धोरण ठरले. ओळखपत्र माणसाला मिळते, कोयत्याला नव्हे, हे त्याचे खरे महत्त्व. प्रत्येक बाईच्या हाती तिचे स्वतंत्र कार्ड आणि तिच्या खात्यात तिची स्वतंत्र मजुरी पडली, तर 'अर्धा कोयता' हा शब्द आपोआप मरेल. रानात आता तोडणी यंत्रेही फिरू लागली आहेत. बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचे प्रयोग चालले आहेत. उपग्रहावरून उसाच्या प्लॉटमधला ओलावा मोजता येतो. मग फडात किती माणसे आहेत हे मोजायला अजून जोडीचे माप का लागावे?

आम्ही मराठी मुसलमान अभिमानाने सांगतो की मुकादम आमचा, करार आमचा, हिशेब आमचा, मजूर आमचा. हे शब्द मराठीला दिल्याचा अभिमान जरूर असावा. पण ज्याने शब्द दिला त्याच्यावर त्या शब्दाच्या अर्थाचीही जबाबदारी येते. कराराला दोन्ही बाजूंची संमती लागते, हिशेबाला न्याय लागतो, मजूर या शब्दात मोबदला आहे. या अर्थांची आठवण टोळीच्या मुकादमाला, कारखान्याच्या संचालकाला आणि साखर खाणाऱ्या आम्हा सर्वांना करून देणे हे लिहिणाऱ्यांचे काम आहे.

आणि कोयता? तो दक्षिणेतून आला तेव्हा त्याच्यात सुगी होती, पिकलेल्या शेताचा आनंद होता. त्याला माणूस आम्ही केले आणि दोन माणसांना मिळून एक अवजारही आम्हीच केले. अवजार म्हणजे मुळात ओझे. ते काम संपल्यावर खाली ठेवता आले पाहिजे. कोयता खाली ठेवून संध्याकाळी कोपीवर परतणारी बाई तेव्हा तरी एक पूर्ण माणूस म्हणून मोजली जावी, एवढीच या शब्दाच्या इतिहासाने आमच्याकडे केलेली मागणी आहे.